सव्वा महिना संपल्यावर

महसुली दप्तर शेतसाऱ्याचे असते, बाळंतिणीचे नसते. निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात किती जमीन ज्वारीखाली होती, कापूस कुठून कुठे जात होता, जंगलाच्या हद्दी कधी आखल्या गेल्या, हे शोधले तर सापडते. बाई बाळंत झाली तेव्हा तिच्या वाटचे पाणी कोणी भरले, दळण कोणी दळले आणि ती निंदणीला परत गेली तेव्हा लेकरू कोणाच्या कडेवर होते, याची नोंद कोणी केली नाही. तरीही हा इतिहास अगदीच अंधारात नाही. नातेसंबंध, लग्नाच्या चाली, जमिनीचे कायदे, शाळांचा प्रसार आणि अलीकडच्या सरकारी योजना एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्या, की आईला कोणाचा आधार होता आणि तो कोणाच्या जिवावर होता, हे बऱ्यापैकी दिसू लागते. त्यातून एक गोष्ट ठळक होते. आईचा आधार म्हणजे माया किंवा कौतुक असे आपण बोलतो. प्रत्यक्षात तो तासांचा आणि हातांचा हिशेब होता. या हिशेबातले काही हात गेल्या साठ-सत्तर वर्षांत निघून गेले, त्यातले बरेचसे जायलाच हवे होते, आणि त्यांतल्या एका हाताची जागा आजवर कोणीच भरलेली नाही.

पहिला आधार माहेराचा. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात उत्तरेतली आणि दक्षिणेतली रीत त्यांनी वेगळी दाखवली. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या कुळात जाते. दक्षिणेत ती मामाच्या किंवा आत्याच्या घरी, म्हणजे ओळखीच्या माणसांत जाते. आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला प्रदेश आहे. आदिलाबाद नेमका या शिवणीवर बसलेला जिल्हा. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसे इथे एकाच बाजाराला येतात. मामाची मुलगी करण्याची चाल इथल्या अनेक समाजांत आहे, गोंडांतही आहे. सासूच आत्या असेल तर बाळंतपण सुखाचे होतेच असे नाही, पण माहेर आणि सासर यांच्यातली भिंत जरा बुटकी होते. गोंडांत लमसेनाची रीतही होती: वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला मुलगा काही वर्षे मुलीच्या बापाकडे राबे, आणि अशा जोडप्याची सुरुवातीची वर्षे मुलीच्या आईबापाच्या अंगणात जात. मराठी कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता. बेला, जैनथकडच्या मुलीचे माहेर अनेकदा पैनगंगेपलीकडे वणी, केळापूर किंवा किनवटकडे असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. रोटीबेटी मात्र तशीच चालू राहिली. सीमेचा काच बसला तो सरकार बाळंतपणात उतरले तेव्हा. पुढे आंध्रातून वेगळ्या झालेल्या तेलंगणाने जून २०१७ पासून केसीआर किट दिले: सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला मुलगा झाल्यास १२ हजार आणि मुलगी झाल्यास १३ हजार रुपये हप्त्याहप्त्याने, शिवाय आई-बाळाच्या वापराच्या वस्तू. मदत चांगलीच होती. पण ती राज्यातल्या सरकारी दवाखान्याला बांधलेली होती. म्हणजे रीतीप्रमाणे नदी ओलांडून आईकडे जावे तर पैसे जातात, आणि पैसे घ्यावेत तर आईचे घर दुरावते. योजना आखणाऱ्याच्या डोळ्यापुढे दवाखाना होता, माहेर नव्हते.

माहेरी काय मिळे, याचे वर्णन मराठी वाचकाला नवे नाही. बाजेखाली शेगडी, अंगाला तेल, कढत पाण्याची न्हाणी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ, खारीक-खोबरे, पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे आणि सव्वा महिना घराबाहेरच्या कामाला सुट्टी. या सगळ्याभोवती विटाळाची कल्पना होती, आणि ती काही फार भूषणावह नाही. बाळंतिणीला चूल शिवू द्यायची नाही, तिने पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही, हे नियम तिला अपवित्र मानण्यातून आले. पण त्याच नियमांमुळे तिला काम सांगण्याची कोणाची छाती होत नसे. विश्रांतीचा हक्क म्हणून जे कोणी दिले नसते, ते विटाळाच्या नावाखाली पदरात पडले. प्रथेचा हा उफराटा गुण मान्य करायला हरकत नाही, फक्त तो सगळ्यांच्या वाट्याला येत होता असे समजू नये. सव्वा महिना बसून खायचे तर घरात कणगी भरलेली लागते. जिच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते ती दहा-बारा दिवसांत रानात दिसणार, मग सटवाईची पूजा कितीही यथासांग झालेली असो.

म्हणून या जिल्ह्यात बाळंतिणीच्या विसाव्याचा इतिहास जमिनीच्या इतिहासापासून तोडता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जंगले राखीव होत गेली, पोडूची, म्हणजे फिरती, शेती अडवली गेली, बाहेरून आलेल्यांच्या नावे पट्टे झाले आणि गोंड, कोलाम आपल्याच गावात कुळे आणि मजूर झाले. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेला, तो या संघर्षात. त्यानंतरच्या वर्षांत ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ पत्नी एलिझाबेथसह मार्लवाई या गोंड गावात राहिला. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली. गोंडी शिकलेले सेतुमाधवराव पगडी याच काळात निजामाचे अधिकारी म्हणून या भागात होते. गोंड स्त्रीला काडीमोड आणि पुनर्विवाह तुलनेने मोकळा होता, असे हायमेनडॉर्फच्या लेखनातून दिसते. पण मोकळीक वेगळी आणि फुरसत वेगळी. घरची ज्वारी, रानातला मोह, चारोळी आणि कंद हाताशी असताना बाई काही आठवडे शेतावर गेली नाही तरी चुलीवर भांडे चढे. जमीन सावकाराकडे आणि रान खात्याकडे गेल्यावर तिच्या गैरहजेरीची किंमत रोजच्या रोज मोजावी लागली. पुढे पट्टे वाटप झाले, आदिवासी जमिनींच्या संरक्षणाचे कायदे झाले. ते बाळंतिणीसाठी केले असे कोणी म्हणाले नाही, तरी तिच्या विसाव्याशी त्यांचा संबंध डोहाळजेवणापेक्षा जवळचा होता.

दुसरा आधार सुईणीचा. मराठी गावांत ती बहुतेकदा मांग किंवा तशाच खालच्या मानलेल्या जातीतली, तेलुगू घरांत तिला मंत्रसानी म्हणत. बाळंतपण करणे, नाळ कापणे, वार पुरणे, आई-बाळाला न्हाऊ घालणे, मालीश करणे, हे सगळे तिचे. मोबदला धान्याचा, लुगड्या-चोळीचा. जिच्या हातात गावातले प्रत्येक बाळ पहिल्यांदा आले, तिला त्याच घराच्या स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. आणि स्वतः बाळंत झाली तेव्हा तिला कोणी किती दिवस न्हाऊ घातले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आजकाल जुन्या बाळंतपणाच्या आठवणी काढताना सुईणीच्या जाणत्या हातांचे गुणगान होते. त्या हातांत ज्ञान होते, खरेच. पण त्यांच्याकडे अडलेल्या बाळंतपणावर इलाज नव्हता, रक्तस्रावावर नव्हता आणि धनुर्वातावरही नव्हता. २००१ ते २००३ च्या पाहणीत एकत्रित आंध्र प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे १९५ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० च्या पाहणीत तेलंगणाचा आकडा ४३ आहे, देशाचा ९७. राज्यातली ९७ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. उटनूरच्या डोंगरातल्या पाड्यांवरून पावसाळ्यात अजूनही गरोदर बाईला खाटेवर घालून ओढा ओलांडावा लागतो. तरी पलीकडे १०८ ची गाडी उभी असते आणि आदिलाबादेत रिम्ससारखे वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे सोडून सुईणीकडे परत जा, असे शहाण्या माणसाने म्हणू नये. मात्र सुईण दोन कामे करत होती. बाळंतपण करणे हे एक, आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवस रोज घरी येणे हे दुसरे. दवाखान्याने पहिले उचलले आणि उत्तम केले. दुसरे तिथल्या तिथे गळून पडले. त्याच सर्वेक्षणानुसार तेलंगणातली ६० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात. पोटावर टाके घेऊन घरी आलेल्या बाईला घागर उचलणाऱ्या हातांची गरज पूर्वीच्या बाळंतिणीपेक्षा जास्त असते, कमी नसते.

इथे एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी, कारण मातृत्वावरच्या लेखनात तिला क्वचित जागा मिळते. आईच्या डोक्यावरचे ओझे उतरवण्यात पिठाच्या गिरणीचा वाटा फार मोठा आहे. ज्वारी खाणाऱ्या या मुलखात पहाटेचे दळण हा रोजचा काही तासांचा खर्च होता. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर इतके दाटून येते, यावरूनच सासरी विसावा किती मिळत होता ते समजावे. गिरणी आली, १९९९ पासून आंध्रात दीपम योजनेतून गॅसच्या जोडण्या मिळू लागल्या, अलीकडे मिशन भगीरथाचे नळ आले. एकाही योजनेच्या नावात आई नाही, आणि तरी आईचे तास वाचवण्यात त्यांनी मातांच्या नावाने निघालेल्या कितीतरी योजनांना मागे टाकले असावे.

तिसरा हात सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात जास्त राबलेला: थोरल्या लेकीचा. सव्वा महिना संपला की आई कामाला लागे आणि तान्हे सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाई. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, तिला झोका देणारी पोर, दूध पाजण्यापुरती तासातून एकदा येणारी आई: ज्वारीच्या निंदणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत ही व्यवस्था चालली. ज्यांना एकत्र कुटुंबाचा आधार म्हणून आठवतो, त्यांनी त्या कुटुंबात प्रत्यक्ष लेकरू कोण सांभाळत होते ते एकदा तपासावे. १९९१ च्या जनगणनेत आदिलाबाद जिल्ह्यातल्या जेमतेम २० टक्के स्त्रिया साक्षर होत्या. या आकड्यामागे अनेक कारणे आहेत, दारिद्र्य आहे, शाळेची भाषा आहे. पण कडेवरचे भावंड हेही एक कारण आहे. आईच्या आधाराची किंमत लेकीच्या पाटीने चुकवली. पुढे आश्रमशाळा वाढल्या, मुली वसतिगृहात गेल्या, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, आणि २०११ पर्यंत जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता निम्म्याच्या आसपास पोचली. लेक शाळेत गेली हे योग्यच झाले. पण ती गेली तेव्हा झोळीजवळ कोण बसणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

विचारला होता, तो इथे नव्हे, डहाणूच्या बाजूला. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ पासून त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. वारल्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्यावर त्यांच्या लक्षात आले की पोरी एकतर येत नाहीत, नाहीतर धाकटे भावंड घेऊन येतात. यावर त्यांनी पालकांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात बसवली आणि तिला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात आणि आई कामावर. एका बाईच्या घरातल्या तिन्ही पोरांचा एकत्र विचार केल्याशिवाय त्यातल्या एकीलाही शिकवता येत नाही, हे त्यांना जितके स्वच्छ दिसले तितके पुढे देशाच्या धोरणाला दिसले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली, अंगणवाडी गावोगाव गेली. पण तिने तीन वर्षांपुढची मुले बसवली, त्याखालच्यांना आहार आणि लसी दिल्या, आणि पाळणाघर बाजूला राहून गेले.

पुढची मदतही याच साच्यातून आली. १ जानेवारी २०१५ पासून तेलंगणात आरोग्यलक्ष्मी योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दुपारचे पूर्ण जेवण, अंडे आणि २०० मिलिलिटर दूध मिळू लागले; त्याच वर्षअखेरीस महाराष्ट्राने आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली. प्राणहितेपलीकडच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला: गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. त्यातूनच आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. सुईणीच्या दुसऱ्या कामाचा थोडा भाग असा परत आला. पण बेचाळीस दिवस आणि सव्वा महिना यांतले साम्य बघण्यासारखे आहे. प्रथा आणि शासन दोघेही साधारण एकाच मुक्कामावर आईचा निरोप घेतात. त्यानंतर बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असे तीच आशा सांगून जाते, आणि आई दुसऱ्या दिवशी किलोमागे मजुरी देणाऱ्या कापसाच्या रानात उभी असते, जिथे पाजायला थांबलेली प्रत्येक वेळ वजनात कमी भरते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या वेचणीत दुपारी अंगणवाडीपर्यंत चालत जाऊन जेवणे तिला परवडत नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा शेतमजुरीला लागू नव्हता. २०१७ मध्ये त्यात २६ आठवड्यांची रजा आली ती आस्थापनांत नोकरी करणाऱ्यांसाठी. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा त्याहून जास्त लहान मुले असतील तर एक बाई त्यांना सांभाळायला नेमावी, अशी तरतूद आहे, पण कापसाची वेचणी रोजगार हमीत येत नाही. निर्मलकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कायदा कामगार मानतो, पाळणाघर मात्र कारखान्याच्या इमारतीत शोधतो. तिचे सूप आणि तिचे बाळ एकाच ओसरीवर असतात आणि तंबाखूची धूळ दोघांवर बसते. याला कोणी काम आणि घर यांचा समतोल म्हणेल. प्रत्यक्षात ती एकाच वेळी केलेली दोन कामे असतात, त्यातल्या एकाचीच मजुरी मिळते.

यावर पहिला आक्षेप असा की आजी असते ना. असते, पण शेतमजुराच्या घरातली पन्नाशीची आजी स्वतःच वेचणीला जाते, आणि ज्या घरातून तरुण जोडपे कामासाठी शहराकडे गेले तिथे आजी गावी आणि बाळ दुसरीकडे असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बापाने हात लावायला नको का? नक्कीच लावायला हवा, आणि जुन्या व्यवस्थेची सर्वांत मोठी त्रुटी हीच होती की तिच्या यादीत माहेर, सुईण, नणंद, लेक सगळ्या होत्या, नवरा नव्हता. पण मजूर घरात बाप घरी थांबला तर त्याचा रोज बुडतो, बाईच्या रोजापेक्षा जास्त बुडतो. मजुरीतली ही तफावत राहील तोवर निव्वळ सल्ल्याने तो घरी थांबणार नाही. तिसरे म्हणणे असे की रोख पैसे द्यावेत, बाई तिला हवे ते बघून घेईल. पैशाने अंडे घेता येते, लाडू घेता येतात. गावात दिवसभर तान्हे सांभाळणारी जागाच नसेल तर पैशाने ती विकत घेता येत नाही. आणि चौथे, की लेकरू सांभाळणे हे सरकारचे काम नव्हे. हे म्हणणाऱ्यांनी केरामेरीच्या डोंगरातली सीमावादातली गावे पाहावीत, जिथे दोन राज्यांची रेशनकार्डे एकाच घरात असतात. दोन सरकारे तिथे शाळा, धान्य आणि मतदान यांसाठी पोचतात. जिथे मतदार यादीसाठी इतक्या दूर जाता येते तिथे झोळीपर्यंत जाणे अशक्य नसते.

अशक्य नाही हे इतरत्र करूनही दाखवले गेले आहे. छत्तीसगढमध्ये २०१२ साली सरगुजातून फुलवारी सुरू झाल्या. तिथे गावातल्या आयाच पाळीपाळीने तीन वर्षांखालच्या मुलांना सांभाळतात आणि अन्नाचा खर्च शासन करते. कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरे काढली. केंद्राच्या पालना योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे ठरले आहे, देशभर १७ हजार ठिकाणी. आदिलाबादसाठी ही योजना घेताना एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. जुन्या व्यवस्थेचा पाया स्वस्त बायकांच्या श्रमावर होता: धान्यावर राबणारी सुईण, काहीही न घेता राबणारी लेक. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळते, वेतन नाही. तिला उपदान मिळावे यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला, आणि तेलंगणातल्या सेविका व मदतनीस सप्टेंबर २०२३ मध्ये किमान वेतनासाठी संपावर गेल्या. तिच्याच कामात पाळणाघर फुकट घातले तर सुईणीचा इतिहास नव्या नावाने पुढे चालेल. तेव्हा सुरुवात लहान असली तरी चालेल: बेला, जैनथ, इंद्रवेल्लीसारख्या कापसाच्या मंडलांत दसरा ते संक्रांत अंगणवाडी सकाळी रानाच्या वेळेला उघडावी, मजूर परत येईपर्यंत चालू ठेवावी, आणि तीन वर्षांखालच्या पोरांसाठी त्याच गावातली एक जादा बाई पूर्ण मजुरीवर नेमावी. ही मजुरी वेचणीच्या दरापेक्षा कमी असेल तर ती बाई येणार नाही, कापूस वेचायला जाईल.